मितानीन : साथीच्या काळातील आरोग्यसखी

छत्तीसगढी बोलीत ‘मितानीन’ म्हणजे जिवाची सखी. राज्याने २००२ साली गावोगावच्या आरोग्यसेविकांना हेच नाव दिले. २००५ सालच्या देशव्यापी ‘आशा’ योजनेला ह्या प्रयोगाचा आधार लाभला. पुढे भिलाईसारख्या पोलादनगरीच्या वस्त्यांतूनही मितानिनी काम करू लागल्या.

२०२० साली कोविडची साथ आली. हा विषाणू बोलताना-खोकताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून पसरतो, आणि लक्षणे दिसण्यापूर्वीही रोगी संसर्ग देऊ शकतो. ह्यावरून वाचकांच्या ध्यानात येईल की, दारोदार चौकशी करणाऱ्या सेविकेला निरोगी दिसणारे घरही निर्धोक नव्हते. आणि सायंकाळी तिला स्वतःच्या मुलाबाळांतच परतावयाचे असे.

दुसरी अडचण मोबदल्याची. सरकारी नोकराप्रमाणे नियत वेतन तिला नव्हते. मुख्यतः कामागणिक रक्कम मिळे. नित्याची कामे खोळंबली, की प्राप्तीही घटणार हे उघड आहे. केंद्र शासनाने मार्च २०२० मध्ये पन्नास लाख रुपयांचे विमासंरक्षण जाहीर केले. परंतु असा विमा मृत्यूनंतर उपयोगी पडतो, रोजच्या चुलीसाठी नव्हे.

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने ‘आशा’ सेविकांचा गौरव केला. साथीपासून घ्यावयाचा बोध एवढाच : जी आरोग्यव्यवस्थेचा पहिला दुवा आहे, तिला मुखपट्टी आणि वेतन प्रथम मिळावयास हवे.