फुटबॉलपटु नेव्हिल डिसूझा

फुटबॉलच्या खेळांत एका बाजूस अकरा गडी असतात; परंतु सामना संपल्यावर प्रेक्षकांच्या मुखीं नांव राहतें तें बहुधा एकाचेंच, ज्यानें गोल केला त्याचें. आघाडीच्या मध्यभागीं उभा राहून गोल करण्याचें काम ज्याकडे असतें त्यास पूर्वीं सेंटर फॉरवर्ड म्हणत. हल्लीं स्ट्रायकर म्हणतात. अशा एका खेळाडूच्या कारकीर्दीचा अभ्यास आम्ही येथें विद्यार्थिवाचकांपुढें मांडीत आहों. अभ्यास हा शब्द आम्हीं मुद्दाम योजिला आहे. केवळ स्तुति करावयाची असती तर चार ओळी पुरत्या. परंतु एक गोल होण्यासाठीं त्यामागें काय काय असावें लागतें, हें समजून घेणें हा या लेखाचा हेतु आहे.

आमच्या वाशीम जिल्ह्याची जमीन बहुतेक काळी. पावसाळ्यांत तीवर चेंडू रुतून बसतो, आणि उन्हाळ्यांत भेगा पडल्या म्हणजे तो मनास येईल तिकडे उडतो. त्यामुळें फुटबॉलपेक्षां कबड्डी व खो-खो हे खेळ आमच्या मुलांच्या अधिक ओळखीचे. ही ओळख येथें उपयोगी पडेल. खो-खोमध्यें गडी बाद केल्याबद्दल टाळ्या मिळतात त्या त्यास शिवणाऱ्याला. परंतु जाणता प्रेक्षक पाहतो तो नेमक्या क्षणीं खो कोणी दिला हें. फुटबॉलमधील गोलाचेंही असेंच आहे. सेंटर फॉरवर्डच्या पायाशीं नव्वद मिनिटांत चेंडू फार थोडा वेळ असतो. बाकीचा सारा वेळ तो जागा शोधीत, बचाव करणाऱ्यांस हुलकावणी देत आणि वाट पाहत असतो. चेंडू येईल तेव्हां योग्य जागीं असणें ही त्याची अर्धी विद्या. आणि आलेला चेंडू न डगमगतां गोलांत घालणें ही उरलेली अर्धी.

नेव्हिल डिसूझा यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९३२ रोजीं गोव्यांतील बार्देश तालुक्यांत आसगांव येथें झाला. गोव्यावर त्या काळीं पोर्तुगीजांचें राज्य होतें, व तें १९६१ सालीं संपलें. डिसूझा यांचा खेळ बहरला तो मुंबईंत, टाटा स्पोर्ट्‌स क्लबच्या संघांत. मुंबईस फुटबॉलची परंपरा जुनी आहे. तेथील रोव्हर्स चषकाचे सामने १८९१ सालीं सुरू झाले. पुढें मोठमोठ्या कंपन्यांनीं आपापले संघ उभारले, आणि चांगल्या खेळाडूस नोकरीचा आधार मिळूं लागला. मात्र पगार मिळे तो कामाचा, खेळाचा नव्हे. केवळ खेळून पोट भरणें हा व्यवसाय आपल्याकडे तेव्हां नव्हता, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें या गोष्टीकडे आपणांस पुन्हां वळावयाचें आहे.

त्या वेळीं भारतीय फुटबॉलची स्थिति काय होती? १९४८ सालीं लंडन येथील ऑलिंपिकमध्यें स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच उतरला. त्यांतील बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सशीं त्यांनीं शर्थीनें झुंज दिली, पण दोन पेनल्टी वायां गेल्या आणि सामना २-१ असा हातचा गेला. १९५२ सालीं हेलसिंकी येथें थंड हवेंत व ओल्या मैदानावर युगोस्लाव्हियानें आपणांस १०-१ असें नामोहरम केलें. या पराभवानंतर बूट घालून खेळण्याचा दंडक झाला. लाजिरवाण्या पराभवापासून कोणी शिकला, तर तो पराभवही एक प्रकारची शाळाच ठरतो.

या शाळेस शिक्षकही तसाच लाभला. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशानें शिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं हैदराबाद पोलिसांच्या संघानें १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीनें पांच वेळां रोव्हर्स चषक जिंकला. चेंडू पायाशीं फार वेळ न ठेवतां चटकन् सोबत्याकडे देणें, स्वतःची जागा सतत बदलणें आणि शरीर दमदार राखणें, यांवर त्यांचा भर असे. १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकसाठीं भारतीय संघ त्यांच्याच हातीं होता. कप्तान होते बंगालचे समर बॅनर्जी. उजव्या बाजूस धांवणारे तरुण प्रदीपकुमार बॅनर्जी. आणि गोल करण्याची मुख्य भिस्त नेव्हिल डिसूझा यांच्यावर.

पहिल्या फेरींत भारताची गांठ हंगेरीशीं पडावयाची होती. परंतु त्या शरद ऋतूंत हंगेरींत मोठा उठाव होऊन तो रणगाड्यांनीं चिरडला गेला होता. हंगेरीचा संघ स्पर्धेंत उतरला नाहीं, आणि भारतास न खेळतांच पुढें चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ रोजीं गांठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशीं. मैदान त्यांचें व प्रेक्षकही त्यांचेच.

नवव्या मिनिटास डिसूझा यांनीं पहिला गोल केला. सतराव्या मिनिटास ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यानें तो फेडला. तेहतिसाव्या मिनिटास डिसूझा यांनीं पुन्हां आघाडी मिळविली. एकेचाळिसाव्या मिनिटास मॉरोनें पुन्हां बरोबरी साधली. मध्यंतरास फळी २-२ अशी सारखी होती. ज्या गड्यानें दोनदां कमावलें व दोनदां गमावलेलें पाहिलें, त्याचें मन अशा वेळीं खचण्याचा संभव असतो. परंतु खेळ पुन्हां सुरू होऊन पांच मिनिटें होतात न होतात तोंच, पन्नासाव्या मिनिटास, डिसूझा यांनीं तिसरा गोल केला. ऐंशिव्या मिनिटास कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनीं चौथ्याची भर घातली, आणि भारतानें सामना ४-२ असा जिंकला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्यें एकाच सामन्यांत तीन गोल, म्हणजे हॅट्‌ट्रिक, करणारे डिसूझा हे आशिया खंडांतील पहिले खेळाडू ठरले. या सामन्यांत उजव्या बाजूनें प्रदीपकुमार बॅनर्जी यांनीं त्यांना दोनदां नेमका चेंडू पुरविला होता. खो देणारा तो हाच! हा विजय केवळ दैवाचा खेळ नव्हता याचा पुरावा त्याच महिन्यांत मिळाला. १२ डिसेंबर रोजीं सिडनी येथें याच दोन देशांत मैत्रीचा सामना झाला, आणि भारतानें तो ७-१ असा जिंकला.

४ डिसेंबर रोजीं उपांत्य सामन्यांत पुन्हां तेंच युगोस्लाव्हिया समोर आलें. मध्यंतरापर्यंत कोणासही गोल करतां आला नाहीं. बावन्नाव्या मिनिटास पहिला गोल झाला तो भारताचा, आणि करणारे डिसूझाच. चार वर्षांपूर्वीं ज्यांनीं दहा गोल चढविले त्यांच्यावर भारताची आघाडी! ती टिकली मात्र दोनच मिनिटें. चोपन्नाव्या, सत्तावन्नाव्या व पांसष्टाव्या मिनिटांस युगोस्लाव्हियानें गोल केले. चौथा आपल्याच बचावपटूच्या पायाचा चेंडू आपल्याच गोलांत गेल्यानें झाला. ४-१ असा पराभव होऊन भारत ७ डिसेंबर रोजीं तिसऱ्या क्रमांकासाठीं बल्गेरियाशीं खेळला व ३-० असा हरला. स्पर्धेंत भारताचा क्रमांक चौथा लागला. चार गोल करून डिसूझा हे युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच व बल्गेरियाचा मिलानोव यांच्यासह सर्वाधिक गोल करणारे ठरले.

आतां विद्यार्थ्यांनीं आंकड्यांकडे निर्मळ दृष्टीनें पाहावें. भारत तीन सामने खेळला. त्यांपैकीं एक जिंकला व दोन हरला. चौथ्या क्रमांकांत हंगेरीच्या न येण्याचाही वांटा आहे. हें सांगितल्यानें डिसूझा यांचें मोल कमी होत नाहीं. उलट तें अधिक स्पष्ट दिसतें. तीनच सामने मिळाले, आणि तेवढ्यांत त्यांनीं चार गोल केले. तीस मिळाले असते तर?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास आपण क्षणभर जर्मनीकडे वळूं. योगायोग असा कीं, डिसूझा यांच्या जन्मानंतर बरोबर तेरा वर्षांनीं, ३ नोव्हेंबर १९४५ रोजीं, बव्हेरियांतील नर्डलिंगन या गांवीं गेर्ड म्युलर हा मुलगा जन्मास आला. बांधा ठेंगणा, मांड्या जाड, विणकराच्या कामाची उमेदवारी केलेला. डिसूझांप्रमाणेंच त्याचेंही काम गोलापाशीं वाट पाहण्याचें. परंतु जर्मनींत १९६३ सालीं बुंडेसलिगा नांवाची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली होती, आणि खेळ हाच तेथें व्यवसाय होता. एका हंगामांत चौंतीस सामने, आणि असे चौदा हंगाम: म्युलरला या स्पर्धेंत ४२७ सामने मिळाले व त्यांत त्यानें ३६५ गोल केले. देशासाठीं ६२ सामन्यांत ६८ गोल केले. ७ जुलै १९७४ रोजीं म्यूनिक येथें जागतिक चषकाच्या अंतिम सामन्यांत हॉलंडविरुद्ध विजयी गोल त्याचाच. उजवीकडून बोनहोफनें चेंडू दिला. तो म्युलरच्या पायास लागून किंचित् मागें गेला. पाठीशीं बचावपटू असतांना त्यानें गर्रकन् वळून तो गोलांत सारला. असें वळणें एका दिवसांत येत नाहीं. आठवड्यामागून आठवडे, शेंकडों सामन्यांत तें अंगीं मुरावें लागतें. म्युलर १५ ऑगस्ट २०२१ रोजीं वारला.

दोघांच्या गुणांची तुलना करण्याचा आमचा हेतु नाहीं. दोघांस मिळालेल्या संधीची तुलना मात्र अवश्य करावी. भारतांत राष्ट्रीय साखळी स्पर्धा प्रथम सुरू झाली ती १९९६ सालीं, म्हणजे मेलबोर्ननंतर चाळीस वर्षांनीं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्यें भारत खेळला, पण त्या संघांत डिसूझा नव्हते. १९६२ सालीं जकार्ता येथें रहीम यांच्या संघानें दक्षिण कोरियास २-१ असें हरवून आशियाई क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें, आणि पुढच्याच वर्षीं रहीम निवर्तले. रोमनंतर २०२४ पर्यंतच्या एकाही ऑलिंपिकमध्यें आपल्या फुटबॉल संघास प्रवेश मिळाला नाहीं. नेव्हिल डिसूझा १७ मार्च १९८० रोजीं, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, हें जग सोडून गेले.

तात्पर्य काय? गुणी मुलगा आसगांवांत जन्मतो, नर्डलिंगन येथें जन्मतो, तसा मंगरूळपीर, रिसोड किंवा मानोरा येथेंही जन्मूं शकतो. त्यास चेंडू देणारा सोबती, चूक दाखविणारा शिक्षक, आणि सर्वांत अधिक म्हणजे पुन्हां पुन्हां खेळावयास मिळणारे सामने, एवढें हवें. वर्षांतून एकदां स्नेहसंमेलनाच्या आठवड्यांत भरणाऱ्या सामन्यानें बक्षीस मिळेल, खेळाडू तयार होणार नाहीं. काळी जमीन मुरूम घालून, लोटून सपाट करतां येते. पंधरवड्यास एक सामना शेजारच्या शाळेशीं ठेवणें हें फार खर्चाचें काम नव्हे.

आणि एक लहानशी सूचना. शाळेच्या सामन्याचा वृत्तांत लिहितांना गोल कोणी केला एवढेंच लिहून थांबूं नये. चेंडू कोणी दिला, तो कोठून आला, आणि त्यापूर्वीं तो कोणी अडविला होता, हेंही लिहावें. असें लिहिण्याची संवय लागली म्हणजे तसें पाहण्याचीही लागेल. आणि तसें पाहणारा गडी मैदानांत उतरला म्हणजे आपल्याहून बऱ्या जागीं उभ्या असलेल्या सोबत्याकडे चेंडू देण्यास तो कचरणार नाहीं.