नेमावरच्या घाटावरची बाई आणि आपली कथा

१. नेमावर हे देवास जिल्ह्यातलं, नर्मदेच्या उत्तर तीरावरचं गाव, समोर हंडिया. नर्मदेचं नाभिस्थान म्हणून परिक्रमेतल्या मराठी बायका इथे आवर्जून थांबतात. सर्वपित्रीच्या, म्हणजे भूतडी अमावस्येच्या आदल्या रात्री घाटावर ढोल वाजतात, पडियारांच्या, म्हणजे भगतांच्या, अंगात येतं, 'बाधा' झालेल्या बायकांना नदीत डुबक्या देतात. आम्हा शहरी लेखिकांच्या कथांत अशी बाई आलीच तर अंधश्रद्धेचा नमुना म्हणून येते. मला ते मुळीच पटत नाही. तिला इथवर कोणी आणलं, गाडीभाड्याचे पैसे कोणी दिले, घरी सोयाबीनची कापणी कोण करतंय, हे कथेत आलंच पाहिजे. एरवी सासऱ्यासमोर ब्र न काढणारी ती त्या रात्री त्याच्यादेखत किंचाळते. तेव्हा ती काय बोलते, ते आधी ऐकावं.

२. मराठी आणि माळवी या दोन संस्कृतींची टक्कर स्वयंपाकघरात शोधावी. धार-देवासला पवार आणि इंदूरला होळकर आले, तेव्हापासून माळव्यात मराठी घरं आहेत. अशा घरात माळवी सून आली की बाफले आणि वरणभात चटकन जुळवून घेतात. डोक्यावरच्या पदराचंही निभतं. पण तिच्या विधवा आईला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवायचं का, या प्रश्नावर आमची सुशिक्षित मराठी घरं अडतात. त्या वेळी सासू दाराशी काय करते, एवढ्यावर अख्खी कथा उभी राहते.

३. मालती जोशी वाचाव्यात. १९३४ साली औरंगाबादला जन्मलेल्या, इंदूरला शिकलेल्या मालतीताई हिंदी आणि मराठी दोन्हींत लिहायच्या. कागद हातात न घेता कथा सांगायच्या. मीही आता खर्डा शेजारणींना वाचून दाखवते. खोटा संवाद आला की त्या चुळबुळ करू लागतात.

४. बाईने घरातलं खरं लिहिलं की समाज रागावतो. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह छापताना बाळूताई खरे यांनी विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घेतलं. पण ऊर्मिला पवारांच्या 'सहावं बोट' या कथासंग्रहावर १९८८ साली त्यांचं स्वतःचं नाव होतं.

माळव्यातल्या मराठी घरांतल्या मुलींनो, तुमच्या घरातलं हे सगळं अजून कथेत यायचं आहे. ते तुम्ही लिहा, आणि स्वतःच्या नावाने लिहा.