सरकारी मक्त्याची पूर्वतयारी

कराडच्या शासकीय महाविद्यालयातून किंवा सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून अभियंता होऊन बाहेर पडलेला मुलगा पुण्याच्या नोकरीचा विचार सोडून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना काढण्याच्या आणि सरकारी निविदा भरण्याच्या गोष्टी करू लागला, की वडिलांच्या कपाळावर आठी उमटते. आणि ती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. 2025 साली याच सांगली जिल्ह्यातील एका तरुण ठेकेदाराच्या मृत्यूनंतर जलजीवन मिशनच्या थकीत देयकांचा प्रश्न साऱ्या राज्यापुढे आला, तेव्हा त्या कामाचा करार त्याच्या नावे नव्हता, असे शासनाकडून सांगण्यात आले. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु दुसऱ्याच्या नावावरील मक्त्यात घरचे भांडवल ओतू नये, एवढी खूणगाठ प्रत्येक पालकाने बांधावी.

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्थानकाजवळ कारखान्यासाठी जागा दिली, त्या वेळी माणसाची पारख करणारा राजा समोर होता. आज अधिकारी उमेदवाराला पाहतही नाही, तो पाहतो ते दफ्तर. म्हणून तयारीचा आरंभ दफ्तरापासूनच व्हावा. उद्यम नोंदणी, वस्तू व सेवा कराचा दाखला, पॅन आणि बँकेचे खाते या चारही ठिकाणी फर्मचे नाव अक्षरशः एकच असावे. डिजिटल स्वाक्षरीची मुदत ऐन निविदेच्या दिवशी संपणार नाही, याची खातरजमा करावी. निविदेचे लिफाफे दोन असतात, आणि तांत्रिक लिफाफ्यात एक आवश्यक दाखला कमी पडला, तर दर कितीही वाजवी असोत, आर्थिक लिफाफा उघडलाच जात नाही.

नवे नियम लहानांना अनुकूल आहेत, हे मात्र मनापासून सांगतो. 1 एप्रिल 2025 पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो. केंद्राच्या 2012 च्या धोरणान्वये, पुढील दुरुस्तीनंतर, केंद्रीय खात्यांनी व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीचा 25 टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा आहे, आणि त्यातील 3 टक्के महिला उद्योजकांसाठी आहे. तेव्हा कारखान्याचा विषय निघाला असता मुलीला बाजूला बसवणाऱ्या घरांनी हा आकडा अवश्य वाचावा. सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाणा रकमेतूनही सूट मिळते. ही सवलत वस्तू व सेवांपुरती आहे. बांधकामाच्या निविदेत ती गृहीत धरू नये.

स्थापत्य अभियंत्यांचा मार्ग निराळा. राज्यातील लहान कामांचा काही हिस्सा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी राखीव असतो, त्यासाठी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे रीतसर नोंदणी करावी लागते. काम मिळवण्याच्या ईर्षेने अंदाजपत्रकाहून फारच कमी दर भरणाऱ्याला अतिरिक्त सुरक्षा ठेव द्यावी लागते, आणि तोटा तर पदरी असतोच.

खरी कसोटी पैशाच्या प्रतीक्षेची आहे. पुरवठादार सूक्ष्म वा लघु उद्योजकाचे देयक 45 दिवसांत चुकते करावे, असे 2006 चा कायदा सांगतो, विलंब झाल्यास चक्रवाढ व्याजही देववतो; परंतु मजुरांचा पगार कायद्याची वाट पाहत नाही. म्हणून पहिला मक्ता घेण्यापूर्वी सहा महिन्यांच्या खर्चवेचाची तजवीज वेगळ्या खात्यात असावी, राहते घर तारण नसावे, आणि मुलाने सातारा वा सांगलीतील एखाद्या जुन्या ठेकेदाराकडे वर्षभर उमेदवारी करून मोजमाप पुस्तिकेतील नोंद ते देयक हा सारा प्रवास स्वतः हाताळलेला असावा.