ग्रहांमधील यानाची वाट : आधी पटांगणावर, मग पडद्यावर

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्या दिवशी भारताच्या मंगळयानास पृथ्वी सोडून आठ महिने झाले होते आणि मंगळास पोहोचावयास अद्याप चोपन्न दिवस उरले होते. ही गोष्ट सांगून वरच्या इयत्तेतील मुलांस फळ्यावर पृथ्वी व मंगळ असे दोन ठिपके काढून द्यावेत, आणि यानाची वाट दाखवावयास सांगावे. बहुतेक मुले सरळ रेघ ओढतील; काही जण यानाच्या मागे ज्वाळाही काढतील. या चित्रात दोन चुका आहेत. मंगळ आपल्या जागी थांबून राहतो, ही एक. आणि यानाचे इंजिन वाटभर चालू असते, ही दुसरी. या चुका बालवयात दूर झाल्या नाहीत तर पुढे शिकलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमांचाही मनात नीट मेळ बसत नाही.

ग्रहांमधील वाटा पडद्यावर दाखविणाऱ्या संगणक-आज्ञावल्या, ज्यांस सर्रास सॉफ्टवेअर म्हटले जाते, आता विनामूल्य मिळतात. त्यांचा उपयोग शिक्षकांनी अवश्य करावा. मात्र पडदा प्रथम दाखविला तर मुले चित्र पाहून खूश होतात आणि प्रश्न विचारावयाचे राहून जाते. म्हणून या पाठात आधी पटांगण व मागाहून पडदा असा क्रम ठेवला आहे.

वाणगाव परिसरातील मुलांस तारपा नाच नवा नाही. तारपा वाजविणारा मध्ये असतो आणि हातात हात गुंफलेली रांग त्याच्याभोवती फिरते. तारपावाल्याच्या जागी सूर्य आहे, एवढे सांगितले की पटांगणावरील मांडणी मुलांच्या सहज ध्यानी येते. मध्यभागी एक खुंटी ठोकावी, तो सूर्य. सुतळीच्या साह्याने २ मीटर त्रिज्येचे एक वर्तुळ चुन्याच्या फक्कीने काढावे. ती पृथ्वीची कक्षा. तिच्याबाहेर ३.०५ मीटर त्रिज्येचे दुसरे, ती मंगळाची. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर व मंगळ सरासरी सुमारे २२.८ कोटी किलोमीटर अंतरावर आहे, त्याच प्रमाणात ही मापे घेतली आहेत.

आता यानाची वाट काढावयाची. पृथ्वीच्या वर्तुळावर निघावयाची जागा ठरवावी. तिच्या बरोबर विरुद्ध बाजूस, सूर्याच्या खुंटीपासून १.०५ मीटर अंतरावर दुसरी खुंटी ठोकावी. ६.१ मीटर लांबीच्या सुतळीची टोके बांधून तिचा फास दोन्ही खुंट्यांभोवती टाकावा, आणि काठीने तो ताणून धरीत निघावयाच्या जागेपासून रेघ ओढीत जावे. जी आकृती उमटते ती लंबवर्तुळाची. ती पृथ्वीच्या कक्षेस एका बाजूस आणि मंगळाच्या कक्षेस नेमकी दुसऱ्या बाजूस स्पर्श करते. कमीत कमी इंधनात एका ग्रहावरून दुसऱ्याकडे जाण्याची ही वाट जर्मन अभियंता वाल्टर होहमान याने १९२५ साली आपल्या पुस्तकात मांडली. त्या काळी कोणतेही यान अवकाशात गेलेले नव्हते.

यानंतरचा भाग मुलांना सर्वांत आवडेल, आणि पाठाचे मर्मही त्यातच आहे. तीन मुले निवडावीत : एक पृथ्वी, एक मंगळ, एक यान. शिक्षकाची एक टाळी म्हणजे दहा दिवस. प्रत्येक टाळीस पृथ्वीने आपल्या वर्तुळावर ३४ सें.मी. व मंगळाने आपल्या वर्तुळावर २८ सें.मी. पुढे सरकावयाचे, या मापांच्या काठ्या आधीच तोडून ठेवाव्यात. यानाची पावले मात्र सारखी नाहीत. सूर्याजवळ ते वेगाने जाते व दूर जाता जाता मंदावते. म्हणून पहिले पाऊल ३८ सें.मी. आणि शेवटचे २५ सें.मी. असे हळूहळू कमी करीत न्यावे. सर्वांनी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरावयाचे. सव्वीस टाळ्यांत यान पलीकडच्या टोकास पोहोचते, म्हणजे सुमारे २५९ दिवस लागतात.

पहिल्या खेळीत मंगळ झालेल्या मुलास पृथ्वीच्या अगदी समोर उभे करावे. मुलांना वाटते की मंगळ जवळ असताना निघणे शहाणपणाचे. सव्विसावी टाळी वाजते, यान कक्षेवर येऊन उभे राहते, आणि मंगळ तेथे नसतो! तो अजून साधारण साडेआठ पावले मागे असतो. येथे शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये. लगोरीत पळणाऱ्या गड्यास चेंडू मारताना नेम कोठे धरतात, एवढेच विचारावे. कोणी तरी मूल म्हणेलच की मंगळास आधीच साडेआठ पावले पुढे उभे करा. दुसऱ्या खेळीत भेट होते. साडेआठ पावले म्हणजे कोनाच्या मापाने सुमारे ४४ अंश. यान निघताना मंगळ पृथ्वीच्या तेवढा पुढे असावा लागतो. ही स्थिती सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते. २०१३ च्या नोव्हेंबरात भारताचे मंगळयान व अमेरिकेचे मेव्हन ही दोन्ही याने १३ दिवसांच्या अंतराने प्रक्षेपित झाली, आणि २०२० च्या एकाच जुलै महिन्यात संयुक्त अरब अमिराती, चीन व अमेरिका यांची याने मंगळाकडे सुटली, ती याच कारणाने.

पडद्याचा उपयोग आता करावा. जिओजेब्रा ही भूमितीची आज्ञावली साध्या मोबाईलवर चालते, आणि एकदा उतरवून घेतली की तिला इंटरनेट लागत नाही. सूर्य शून्यबिंदूवर, निघावयाची जागा उजवीकडे १ अंतरावर, दुसरी नाभी डावीकडे ०.५२ अंतरावर द्यावी. दोन नाभी व एक बिंदू मिळताच आज्ञावली लंबवर्तुळ काढते. मंगळाच्या आरंभीच्या कोनास सरकपट्टी जोडली की पटांगणावर पावलांनी केलेला शोध मुले बोटाने पुन्हा करतात. नासाच्या ‘आईज ऑन द सोलर सिस्टिम’ या आज्ञावलीत ग्रह व याने फिरताना दिसतात आणि काळ वेगाने पुढेमागे नेता येतो. तिला इंटरनेट हवे. दोन्हींसाठी वेळ नसेल तर जिओजेब्रा घ्यावे, कारण त्यात मुलाच्या हातून काही घडते.

पडदा एका बाबतीत फसवितो, ते शिक्षकाने आवर्जून सांगावे. तेथे ग्रह चेंडूएवढे दिसतात. पटांगणाच्या आपल्या मापाने सूर्य जेमतेम १.९ सें.मी.चा, म्हणजे मोठ्या गोटीएवढा भरेल, आणि पृथ्वी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान. तेवढ्या कणाकडे नेम धरून यान पाठवावयाचे असते.

नमुना आणि प्रत्यक्ष यांतील फरकही लपवू नये. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून उडाले, पृथ्वीभोवती फेऱ्या घालीत कक्षा वाढवीत राहिले, आणि १ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी त्याने पृथ्वीचा निरोप घेतला. त्या वेळी इंजिन सुमारे २२ मिनिटे चालले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाजवळ वेग कमी करण्यासाठी ते सुमारे २३ मिनिटे चालवावे लागले. मधल्या २९७ दिवसांत वाट किंचित सुधारण्याचे अल्प प्रसंग सोडले तर यान सूर्याच्या ओढीवर नुसते वाहत होते. ज्वाळा काढणाऱ्या मुलांस हा हिशेब फळ्यावर मांडावयास सांगावा. २५९ ऐवजी २९७ दिवस का लागले, असेही एखादे मूल विचारील. मंगळाची कक्षा पूर्ण वर्तुळ नाही, ती पृथ्वीच्या कक्षेशी किंचित कललेली आहे, आणि त्या वर्षीच्या ग्रहस्थितीत थोडी लांबची वाट सोयीची पडली, असे त्यास सांगावे.

दुसरी खेळी संपताच पृथ्वी व मंगळ झालेल्या मुलांस जागीच थांबवून त्यांच्यामधील अंतर सुतळीने मोजावे. ते सुमारे ३.२ मीटर भरते. प्रकाशास २ मीटरला, म्हणजे सूर्यापासून पृथ्वीपर्यंत, सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात, तर ३.२ मीटरला किती? त्रैराशिकाने १३ मिनिटांच्या आसपास उत्तर येते. मंगळयान पोहोचले तेव्हा त्याचा संदेश यावयास सुमारे १२ मिनिटे लागत होती. म्हणूनच इंजिन चालविण्याच्या आज्ञा त्यास आधीच देऊन ठेवाव्या लागल्या.

केरो लक्ष्मण छत्रे यांनी ग्रहांची स्थाने काढण्याची कोष्टके १८६० साली मराठीत प्रसिद्ध केली. तेव्हा असे गणित हातानेच करावे लागे. वरच्या इयत्तेतील मुलांकडूनही एक गणित हातानेच करवून घ्यावे. पृथ्वी दिवसास ०.९८६ अंश व मंगळ ०.५२४ अंश चालतो. ४४ अंशांची आघाडी भरून काढावयास पृथ्वीस सुमारे ९६ दिवस लागतात. १९ फेब्रुवारी २०२७ रोजी मंगळ सूर्याच्या नेमका विरुद्ध बाजूस, म्हणजे पृथ्वीच्या समोर येतो. तेथून ९६ दिवस मागे मोजले की आपल्या नमुन्याप्रमाणे निघावयाचा दिवस मिळतो : १५ नोव्हेंबर २०२६.