अठ्ठावीस ह्या संख्येचा विचार

वारकरी सज्जनहो, विटेवरच्या सावळ्या परब्रह्माचे वर्णन करताना आपण एक संख्या हमखास उच्चारतो. ती म्हणजे अठ्ठावीस. नामदेवांची मुद्रा असलेली जी आरती घरोघर होते, तिचा आरंभच अठ्ठावीस युगांनी होतो. टाळाच्या नादात आपण ते म्हणून जातो, पण एखादे पोर मध्येच विचारते, “आजोबा, अठ्ठावीसच का? तीस का नाही?” तेव्हा उत्तर पाहिजे. म्हणून ह्या खेपेस तेवढाच अभ्यास करू.

प्रथम कालगणना पाहू. कुरुंदवाडास कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नान करून कुणी धर्मकृत्याला बसला, की उपाध्याय आधी देशकालाचा उच्चार करतात. त्यात वैवस्वत मन्वंतर, त्यातील अठ्ठाविसावी चौकडी आणि तिच्यातले कलियुग असा क्रम येतो. कृत, त्रेता, द्वापर, कली ही चार युगे मिळून एक चौकडी. तिची वर्षे ४३,२०,०००. अशा ७१ चौकड्यांचे एक मन्वंतर. त्यांपैकी २७ सरल्या, अठ्ठाविसावी चालू आहे.

येथे कुणी शंका घेईल, “मग युगे अठ्ठावीस कशी? ती तर जास्त भरतात!” शंका रास्त आहे. सुटी युगे मोजली तर २७ × ४ = १०८, त्यात चालू चौकडीची सरलेली तीन मिळवली की १११, आणि आपले कलियुग ११२ वे. तेव्हा ह्या अर्थाने घ्यायचे तर ‘युग’ म्हणजे अख्खी चौकडी समजावी लागते.

दुसरा अर्थ कीर्तनात ऐकू येतो. चार वेद, सहा शास्त्रे, अठरा पुराणे; ४ + ६ + १८ = २८. इतके सगळे ज्याचे वर्णन करता करता थकले, तो हा विटेवर उभा. आणखी एक अठ्ठावीस ज्योतिषात आहे. नक्षत्रे एरवी २७ मोजतात. पण उत्तराषाढा आणि श्रवण यांच्यामध्ये अभिजित धरले की ती २८ होतात.

आता निव्वळ गणित. २८ ला निःशेष भाग देणाऱ्या, तिच्याहून लहान अशा संख्या १, २, ४, ७ आणि १४. त्यांची बेरीज करा. बरोबर २८! असे सहसा घडत नाही. ८ चे पाहा: १ + २ + ४ = ७, म्हणजे एक कमी पडला. १२ चे पाहा: १ + २ + ३ + ४ + ६ = १६, म्हणजे चार जास्त झाले. जिथे कमीही नाही, जास्तीही नाही, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. शंभराच्या आत अशा दोनच आहेत, ६ आणि २८. पुढची एकदम ४९६, आणि तिच्या पुढची ८१२८.

ही संख्या शोधण्याची रीत ग्रीक गणिती युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवली. एकापासून दुप्पट करत बेरीज घ्यावी. बेरीज मूळ संख्या आली, की तिला शेवटच्या पदाने गुणावे. १ + २ + ४ = ७; सात मूळ संख्या; ७ × ४ = २८. आजवर सापडलेल्या साऱ्या परिपूर्ण संख्या सम आहेत. विषम परिपूर्ण संख्या असते की नाही, हे मोठमोठ्या गणितज्ञांनाही अजून ठरवता आलेले नाही.

येथे एक सावधगिरी पाहिजे. “संख्या परिपूर्ण, म्हणूनच देव अठ्ठावीस युगे उभा,” असे कुणी व्यासपीठावरून ठोकून देईल, तर मान डोलावू नये. युगांची गणना पुराणांतून आली, वेद-शास्त्र-पुराणांची बेरीज परंपरेतून आली, विभाजकांची बेरीज गणितातून आली. तिन्ही वाटा वेगळ्या. शेवटी आकडा एकच भेटला, एवढ्यावरून एक वाट दुसरीची साक्षीदार होत नाही. आणि पांडुरंगाच्या उभे राहण्याला बेरजेच्या साक्षीची गरज ती काय? उद्या कुणी ही गणना निराळी मांडली, तर आपली वारी थोडीच चुकणार आहे?

मात्र प्रमाण नसले तरी दृष्टांत म्हणून हे गणित गोड आहे. १४ हा मोठा आणि १ हा अगदी लहान. पण तो एक वगळून पाहा, बेरीज सत्तावीसच भरते. दिंडीतही तसेच आहे. वीणेकरी, टाळकरी, पखवाजी, आणि शेवटी मुकाट चालणारी डोईवर तुळस घेतलेली म्हातारी. एकालाही गाळले तर दिंडी उणी पडते.

असो. घरच्या मुलांना पाटी घेऊन बसवावे आणि ४९६ चे विभाजक मांडायला लावावेत. बेरीज जुळली की त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसेल, तोही पाहण्यासारखा असतो.