कारीची शकावली आणि सुसंगतीचे प्रामाण्य

एखादे विधान मान्य विधानांच्या व्यवस्थेत विसंगतीविना सामावते व त्यांच्याशी परस्पराधाराने बांधले जाते, तेव्हा ते स्वीकारार्ह ठरते, हे सुसंगतिवादाचे मध्यवर्ती प्रतिपादन होय. या वादाची दोन रूपे आहेत. एकात सुसंगती हेच सत्याचे स्वरूप मानले जाते. दुसऱ्यात ती केवळ समर्थनाची कसोटी असते. हा भेद भोर तालुक्यातील कारी येथील जेधे घराण्याच्या शकावलीच्या आधारे तपासता येतो.

ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तत्पूर्वी उत्तरकालीन बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ मध्ये झाला, असे सामान्यतः मानले जाई. शकावलीतील नोंद मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी आहे. सुसंगती म्हणजेच सत्य असे मानल्यास, महाराजांचा जन्म आधी १६२७ मध्ये झालेला होता आणि नवी कागदपत्रे मिळताच तो १६३० मध्ये गेला, असे म्हणण्याची आपत्ती ओढवते. ब्रँड ब्लँशार्ड यांच्यासारखे तत्त्वज्ञ यावर परिपूर्ण ज्ञानव्यवस्थेकडे बोट दाखवतील. परंतु तशी व्यवस्था कोणत्याही संशोधकाच्या हाती नसते. तेव्हा बदलले ते आपले समर्थन, जन्मदिवस नव्हे.

समर्थनाची कसोटी म्हणूनही सुसंगती एका अटीवरच ग्राह्य ठरते. सी. आय. लुइस यांनी १९४६ मध्ये प्रतिपादिल्याप्रमाणे, परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या साक्षींच्या एकवाक्यतेनेच विधानाचे बळ वाढते. एकाच परंपरेतून उतरलेल्या दहा बखरी एकच तिथी सांगत असतील, तर ती वस्तुतः एकच साक्ष होय. याउलट, मावळातील देशमुख घराण्याची शकावली, कवींद्र परमानंदांचे संस्कृत 'शिवभारत' आणि जोधपूर येथे सापडलेली जन्मकुंडली यांचे हेतू, भाषा व प्रदेश भिन्न असूनही त्यांची तिथी एकच आहे. १९ फेब्रुवारी १६३० या जुन्या गणनेतील दिनांकास शुक्रवारच येतो, ही गणिताची साक्ष त्यांत आणखी मिळते.

सारांश, बखरवाङ्मयाच्या अभ्यासकाने एखादी गोष्ट किती ग्रंथांत आढळते याची मोजदाद करण्यापूर्वी ती प्रत्येक ग्रंथात कोठून आली, हे पाहिले पाहिजे. उगमाचा हा शोध सुसंगतीच्या बाहेरचा नव्हे. त्याविना सुसंगतीला प्रामाण्यच लाभत नाही.