थकलेल्या मनाचा निर्णय : अमेरिका ओलांडणाऱ्या एकट्या सायकलस्वाराकडून साधकाने काय घ्यावे?



अमेरिकेत गावाबाहेरच्या घरांची टपालपेटी दारावर नसते, रस्त्याच्या कडेला खांबावर उभी असते. अशाच एका रस्त्यावरून चाललेला एक सायकलस्वार अचानक खाली उतरतो आणि त्या पेट्यांवर धावून जातो. त्याला त्या पेट्या शत्रूचे सैनिक वाटत असतात. आणखी एकदा त्याला काळ्या दाढीचे घोडेस्वार आपला पाठलाग करताना दिसतात आणि तो जिवाच्या आकांताने सायकल हाणू लागतो.

हा माणूस वेडा नव्हता. तो स्लोव्हेनियाच्या सैन्यातील जवान होता. त्याचे नाव युरे रोबिच. 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्याने खेळून त्याने ती पाच वेळा जिंकली : 2004, 2005, 2007, 2008 आणि 2010 मध्ये. दोरीच्या जागी साप दिसण्याचा वेदांतातील दृष्टांत आपण सत्संगात कितीदा ऐकतो! पण 'संध्याकाळचा अंधुक उजेड होता म्हणून साप दिसला' एवढ्यावर आपण तो सोडून देतो. रोबिचच्या बाबतीत उजेडाचा प्रश्न नव्हता. थकव्याने पाहणारेच अंधुक झाले होते.

ही शर्यत म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियातील ओशनसाइड येथे ती सुरू होते आणि पूर्वेला मेरीलँडमधील अ‍ॅनापोलिस येथे ती अनेक वर्षे संपत असे. अंतर सुमारे 4,800 किलोमीटर. त्या मार्गावर बारा राज्ये होती. सगळे चढ एकत्र मोजले तर 50,000 मीटरहून अधिक, म्हणजे समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टच्या माथ्यापर्यंत पाच वेळा चढून जावे आणि तरी काही उरावे. इतर मोठ्या शर्यतींत रोजचा टप्पा संपतो, खेळाडू जेवतो, झोपतो आणि सकाळी पुन्हा निघतो. इथे तसे नाही. एकदा सुरू झालेले घड्याळ शेवटच्या रेषेपर्यंत थांबत नाही. झोपलात तर ती झोपही तुमच्याच वेळेत मोजली जाते. एकट्याने खेळणाऱ्याला साधारण बारा दिवसांची मुदत असते. म्हणून स्पर्धक दिवसाकाठी जेमतेम एक-दोन तास झोपतात, आणि खाणेपिणे बहुतेक सायकलवर बसूनच उरकतात.

पहिल्याच दिवशी किनाऱ्याची थंड हवा संपते आणि वाळवंट सुरू होते. तिथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पुढे अ‍ॅरिझोना आणि युटा. मग कोलोरॅडोत रॉकी पर्वत लागतो. तिथली वुल्फ क्रीक खिंड 3,300 मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ आणि रात्री बोचरी थंडी. खिंड उतरून आले की वाटते, सुटलो. पण अनेकांची खरी परीक्षा त्यानंतर कॅन्ससमध्ये होते. कॅन्सस सपाट आहे. चढ नाही, उतार नाही, वळणही क्वचित. दोन्ही बाजूंना शेते, समोर सरळ रस्ता आणि बाजूने मारणारा वारा. तास गेले तरी देखावा बदलत नाही. पुढे गेल्याची खूणच मिळत नाही.

साधनेत हा प्रदेश ज्याने पाहिला आहे, त्याला वेगळे सांगायला नको. दीक्षेनंतरचे पहिले महिने वाळवंटासारखे कष्टाचे असतात, पण त्यात उत्साह असतो. काही संकटे खिंडीसारखी येतात. ती पार केली की बळ वाढते. मग एक काळ असा येतो की काहीच घडत नाही. रोज तेच आसन, तीच माळ, तेच विचार. अशा सपाटीवर बहुतेक साधक बसणे बंद करतात. कुणाला सांगतही नाहीत.

आता शरीराकडे पाहू. 1983 च्या शर्यतीत मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू असे निकामी झाले की डोके वर धरणेच अशक्य झाले. हनुवटी छातीवर टेकली. समोरचा रस्ता दिसेना. तेव्हापासून या विकाराला 'शर्मर्स नेक' असेच नाव पडले. ज्यांना तो होतो, त्यांचे सहकारी पट्टे-काठ्या जोडून डोके वर धरणारा आधार तयार करतात. (हाच शर्मर पुढे अंधविश्वासांची चिकित्सा करणारा लेखक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्याशी आपले सगळ्याच बाबतीत जमेल असे नाही, पण त्याच्या मानेपासून शिकायला हरकत नाही.) याखेरीज बसण्याच्या जागेच्या जखमा, सुजलेले पाय, बधिर झालेली बोटे. हात बधिर झाले तर गिअरसुद्धा नीट बदलता येत नाही.

पण जाणकार सांगतात की एका मर्यादेनंतर प्रश्न पायांचा राहत नाही, मनाचा होतो. झोपेविना तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मन कारणे रचू लागते. ती कारणे मूर्खासारखी नसतात, हीच अडचण आहे. 'घरी मुले आहेत', 'गुडघा कायमचा जाईल', 'यातून सिद्ध काय करायचे?' अशी ती अगदी शहाण्या माणसासारखी बोलतात. थकलेले मन तर्क सोडत नाही. तर्काला आपला वकील करते.

रोबिचने यावर शोधलेला मार्ग विचार करण्यासारखा आहे. त्याच्यामागे गाडीत त्याचे सहकारी असत. ठरलेले असे होते की शर्यत रंगात आली आणि त्याचे भान सुटू लागले की निर्णय त्याने घ्यायचेच नाहीत. केव्हा खायचे, केव्हा झोपायचे, किती वेगाने जायचे, हे सारे मागची मंडळी ठरवणार. तो रागावेल, रडेल, शिव्या देईल. तरी ते ऐकणार नाहीत. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रिये घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी असे रूपक आले आहे. सारथीच झोपेने पेंगू लागला तर काय करायचे? रोबिचने त्याचे उत्तर सारथी जागा असतानाच देऊन ठेवले होते.

घोडेस्वार दिसले तेव्हा त्या सहकाऱ्यांनी काय केले असेल? त्यांनी त्याला समजावले नाही. 'हो, आम्हालाही दिसतात, पळ!' असे म्हणून त्यालाच पुढे हाकलले. हे वाचून आधी मी थबकले. भ्रमाला दुजोरा देणे योग्य आहे का? अजूनही माझे पूर्ण समाधान झालेले नाही. मात्र एवढे कळते की त्या क्षणी त्याच्याशी वाद घालून काहीच साधले नसते. भ्रमात असलेल्याला भ्रमाची व्याख्या ऐकवून उपयोग नसतो. त्याला आधी विसाव्यापर्यंत पोहोचवावे लागते. घरात कुणी दुःखाने सैरभैर झाले असताना त्याला मायेचे तत्त्वज्ञान ऐकवणारे आपण, इथे थोडे थांबू या.

इथे एक सावधगिरी. 'म्हणजे विवेक दुसऱ्याच्या हाती द्यावा' असा अर्थ कुणी काढू नये. रोबिचने लगाम दिला तो पूर्ण शुद्धीत असताना, स्वतः निवडलेल्या माणसांच्या हाती, एका ठरावीक कामापुरता. शेवटची रेषा ओलांडली की लगाम परत त्याच्याकडे. समर्पणाच्या नावाखाली कुणी आपल्याकडून याहून अधिक मागत असेल, तर प्रश्न विचारणे हीच साधना आहे.

याच रोबिचची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2009 मध्ये तो पुन्हा आघाडीच्या झुंजीत होता. नियमभंगासाठी त्याला वेळेचा दंड झाला. तो त्याला मान्य नव्हता. शर्यत अखेरच्या टप्प्यात असताना, जवळजवळ सारा देश ओलांडून झाल्यावर, त्याने ती सोडून दिली. दंड न्याय्य होता की नव्हता, हे ठरवणे आपले काम नाही. पण ज्याला वाळवंट, रॉकी पर्वत आणि घोडेस्वार थांबवू शकले नाहीत, त्याला 'माझ्यावर अन्याय झाला' या एका भावनेने थांबवले.

आपल्या मंडळींतही असेच घडते. पहाटे चारला उठून वर्षानुवर्षे ध्यान करणारा साधक एके दिवशी केंद्रात येणे बंद करतो. कारण विचारावे तर पहाटेचा कंटाळा नसतो, आजारपण नसते. शिबिरात त्याची सेवा दुसऱ्याला दिलेली असते. आभारप्रदर्शनात नाव राहून गेलेले असते. कुणीतरी चारचौघांत तोडून बोललेले असते. कधी कधी खरोखरच चूक आपल्या कार्यकर्त्यांची असते, आणि ती मान्य करून क्षमा मागायला हवी. पण साधना त्या कार्यकर्त्याची नव्हती, आपली होती. थकलेल्या मनाइतकेच दुखावलेले मनही निर्णयाला अपात्र असते, हे आपण सहसा धरत नाही. थकवा ओळखू येतो. दुखावलेपण मात्र आपल्याला स्वाभिमान वाटते.

रोबिच 2010 मध्ये परत आला आणि पाचव्यांदा जिंकला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, आपल्या देशात सराव करत असताना, समोरून आलेल्या मोटारीची धडक बसून त्याचा मृत्यू झाला.

आता आपल्या देशातील दोन नावे. 2015 मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या गटात ही शर्यत पूर्ण केली. एकट्याने मुदतीत पोहोचणे मात्र भारतीयांना साधले नव्हते. बेंगळुरूच्या समीम रिझवी यांनी 2010 पासून त्यासाठी झुंज दिली होती. 2016 मध्ये नाशिकमधून सराव करणारे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ एकटे उतरले. त्यांना अर्ध्यातून थांबावे लागले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा ओशनसाइडला उभे होते. 2017 मध्ये त्यांनी 11 दिवस 18 तास 45 मिनिटांत अ‍ॅनापोलिस गाठले आणि ही शर्यत एकट्याने पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्यामागून अडीच तासांच्या आत नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले, तेही पहिल्याच प्रयत्नात.

ऑस्ट्रियाच्या क्रिस्तोफ श्ट्रासरनेही, ज्याने ही शर्यत सहा वेळा जिंकली, 2009 आणि 2015 मध्ये ती मध्येच सोडली होती. म्हणजे थांबणे नेहमी हार नसते. मग खरे थांबणे आणि मनाची पळवाट यांतला फरक कसा ओळखायचा? मला वाटते, थांबल्यानंतर माणूस काय करतो यावरून तो कळतो. शरीराने थांबवलेला माणूस बरा होतो आणि परत येतो. पळवाटेने गेलेला परत येण्याची तारीख ठरवत नाही, फक्त कारणे सांगत राहतो.

एक आक्षेप तुमच्या मनात आला असेल, आणि तो योग्य आहे. गीतेचा सहावा अध्याय तर सांगतो की फार जागणाऱ्याचा किंवा उपाशी राहणाऱ्याचा योग साधत नाही. आहार, विहार, झोप सारे प्रमाणात हवे. मग शरीराचे असे हाल करणाऱ्यांचा आदर्श कशाला? खरे आहे. त्यांचे जागरण आपल्याला घ्यायचे नाही. कुणी हा लेख वाचून झोप कमी केली, औषधे सोडली किंवा उपवास वाढवले, तर लेख उलटा वाचला असे समजावे. आपल्याला घ्यायची आहे ती फक्त त्यांची पूर्वतयारी.

शर्यतीचा एक नियम मला फार आवडतो. रात्री स्पर्धकाने एकटे जायचे नाही. सहकाऱ्यांची गाडी त्याच्या थेट मागे असलीच पाहिजे आणि त्याने तिच्या दिव्यांच्या उजेडातच सायकल चालवायची. त्या प्रकाशात शेवटची रेषा दिसत नाही. पुढचा थोडासा रस्ता दिसतो. तेवढा ओलांडला की दिवा पुढे सरकतो आणि पुन्हा तेवढाच रस्ता दिसतो. उजेड आहे, पण तो मागून येतो आहे. देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही.

या आठवड्याचा अभ्यास असा. एखाद्या सकाळी, झोप पूर्ण झालेली असताना आणि मन शांत असताना, वहीत लिहा की ही साधना तुम्ही का सुरू केली होती. सुरुवातीचे खरे कारण लिहा, आज शोभणारे नको. त्याखाली लिहा, अगदी वाईट दिवशीही किती करणार. ते छोटे असू द्या. दहा मिनिटे बसणे पुरे. मग एका माणसाची निवड करा, जो तुम्हाला 'चल' म्हणू शकेल आणि गरज पडल्यास 'आता थांब, डॉक्टरकडे जा' असेही म्हणू शकेल. त्याला तसे स्पष्ट सांगा. नुसते मनात ठरवू नका. घरातलेच कुणी असेल तर उत्तम, कारण आपले घोडेस्वार त्यांनाच आधी दिसतात. आणि शेवटी एक नियम लिहा : साधना सोडण्याचा किंवा बदलण्याचा निर्णय रात्री दहानंतर, उपाशी पोटी किंवा कुणाशी बिनसलेले असताना घ्यायचा नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीनंतरच घ्यायचा.

पुढच्या सत्संगाला येताना ही वही सोबत आणा. वाचून दाखवण्याची सक्ती नाही. ज्याची निवड केलीत, त्याच्या शेजारी बसलात तरी चालेल.